पत्ता बदलला, कागद परत गेला : बागली ते न्यू जर्सी

मंडळी, बागली म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या आपल्या लोकांना नकाशा उघडावा लागतो. देवास जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, चापड्याहून आत, रेल्वे नाही. कालीसिंध याच भागात उगम पावते. कैलाश जोशी १९६२ पासून इथूनच आमदार होते, १९७७ साली मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. आमच्या घराचा पत्ता एका ओळीचा: नाव आणि मु. पो. बागली. घर नंबर नाही, गल्ली नाही.

१९७६ साली माझ्या थोरल्या चुलतभावाचे कुवेतच्या नोकरीचे कागद याच पत्त्यावर आले. तोवर आम्ही बिऱ्हाड इंदूरला हलवलं होतं. पोस्टमनकाकांनी जुना पत्ता लाल रेघेने खोडून आमचा नवा लिहिला, पाकीट चार दिवसांनी इंदूरला हजर! दादा वेळेत गेला. गावाला माणूस माहीत होता, म्हणून कागद माणसामागे आला.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला होता. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हींचा पहिला आकडा ४, म्हणजे बागली आणि पुणे पोस्टाच्या हिशोबात एकाच कुळातले. (आमच्या इंदूरकरांना हे सांगितलं की बरं वाटतं.)

बँकेत मी पुढे तीसेक वर्षं परत आलेली रजिस्टर्ड पाकिटं पाहिली. त्यावर शेरा असायचा ‘लेफ्ट विदाउट इन्स्ट्रक्शन्स’. कर्जाची नोटीस परत आली की खातेदार सुटला असं समजू नका, उलट त्याचीच अडचण वाढते. कागद पोचला नाही तरी मुदत चालूच राहते.

अमेरिकेत हेच, पण जास्त कडक. तिथल्या १९५२ च्या कायद्यानुसार परदेशी माणसाने घर बदललं की १० दिवसांत सरकारला कळवायचं. १९४० च्या कायद्यात तर ही मुदत ५ दिवस होती, महायुद्धाचा काळ! त्यासाठीचा फॉर्म म्हणजे एआर-११. पण एक मेख आहे. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे इमिग्रेशन खात्यात बदलला असं नाही, आणि खात्याची पाकिटं पोस्ट नव्या घरी पाठवेलच याचा भरवसा नाही. शिवाय कागदी एआर-११ पाठवला तरी चालू अर्जावरचा पत्ता आपोआप बदलत नसे, तो वेगळा कळवावा लागे.

माझी भाचेसून २०१९ साली इथेच अडकली. नवरा एच-वन-बी वर, ती एच-फोर वर. अशा बायकांना, नवऱ्याचा ग्रीनकार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत गेला असेल तर, मे २०१५ पासून नोकरीचा परवाना मिळू लागला. तिचा परवाना मंजूर झाला, कार्ड निघालं, आणि आठवड्यापूर्वी सोडलेल्या फ्लॅटवर जाऊन परत फिरलं. कागदी एआर-११ तिने मुदतीत टाकला होता. नोकरी हातात, रुजू व्हायची तारीख ठरलेली, कार्ड नाही. कार्डाशिवाय एक दिवस काम केलं तरी स्टेटस धोक्यात.

“मामा, आता नव्याने फी भरायची का?” तिने रात्री फोनवर विचारलं. मी म्हटलं, आधी मुदत बघ. एप्रिल २०१८ पासून परत आलेली कार्डं ६० कामकाजी दिवस ठेवतात, तोवर योग्य पत्ता कळवला नाही तर नष्ट करतात. तिने पावतीचा नंबर घेऊन खात्याला फोन केला, चालू अर्जावर नवा पत्ता नोंदवून घेतला, आणि नव्या घराच्या पत्रपेटीवर दोघांची नावं चिकटवली. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण पेटीवर नाव नसलं की पाकीट परत जाऊ शकतं. कंपनीने तारीख तीन आठवडे पुढे ढकलली. कार्ड एकोणिसाव्या दिवशी आलं.

ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खात्यातून एआर-११ आणि चालू अर्ज दोन्हींवरचा पत्ता एकाच वेळी बदलता येतो. मुलं-सुना तिकडे असतील आणि सामान बांधत असतील तर हे त्यांना आजच पाठवा. आणि ज्यांचा अर्ज वकिलामार्फत आहे, त्यांनी वकिलालाही वेगळं कळवावं. एच-वन-बी ची मंजुरीची नोटीस बहुतेक वेळा कंपनीकडे किंवा वकिलाकडेच जाते.