स्टॅटिन आणि स्तनांची घनता : एका प्रश्नाचा प्रवास

आज आपण औषधांच्या इतिहासातला असा एक प्रश्न पाहणार आहोत, जो आधी भीती म्हणून विचारला गेला आणि नंतर आशा म्हणून. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचा, म्हणजे स्टॅटिनचा, स्तनांवर काही परिणाम होतो का?

आधी औषधाकडे वळू. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो हजारो बुरशा तपासत होते. १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडलं. शरीरात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला ते रोखत होतं. त्याच जातीचं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनमुळे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टरांची शंका तिथं बरीचशी फिटली.

दोनच वर्षांत 'केअर' चाचणीचे निकाल आले. हृदयासाठी चांगलेच होते, पण एक ओळ खटकली. प्राव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाच्या १२ रुग्ण, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटात फक्त १! मात्र चाचणीत स्त्रिया सहाशेहून कमी होत्या. आकडे इतके लहान असले की योगायोगही पुराव्यासारखा दिसतो. पुढे अनेक चाचण्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा ही वाढ दिसली नाही.

आता दुसरा धागा घेऊ. मॅमोग्राममध्ये चरबी काळसर दिसते, ग्रंथी आणि तंतुमय भाग पांढरा. १९७६ मध्ये डेट्रॉइटच्या जॉन वुल्फ यांनी मांडलं, की पांढरा भाग जास्त तिथं कर्करोगाचा धोकाही जास्त. टोरांटोच्या नॉर्मन बॉइड यांनी तो भाग टक्क्यांत मोजला. घनता ७५ टक्के किंवा अधिक असलेल्या स्त्रियांना १० टक्क्यांहून कमी असलेल्यांपेक्षा चार ते पाच पट धोका आढळला. शिवाय गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती या पांढऱ्यात लपते. २०११ मध्ये आणखी एक दुवा मिळाला : टॅमॉक्सिफेन घेताना ज्यांची घनता १० टक्के किंवा जास्त उतरली, त्यांचा धोकाही बराच उतरला होता.

मग स्टॅटिननंही घनता उतरेल का? प्रश्न भाबडा नव्हता. इस्ट्रोजेन शरीरात कोलेस्टेरॉलपासूनच बनतं. २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की कोलेस्टेरॉलपासून तयार होणारा एक पदार्थ इस्ट्रोजेनसारखा वागून स्तनातल्या गाठी वाढवतो. आता तर्क जुळत होता.

पण तर्क जुळला म्हणजे उत्तर मिळालं असं नाही. धोका जास्त असलेल्या थोड्या स्त्रियांना सहा महिने लोव्हास्टॅटिन देऊन पाहिलं, तर घनतेत लक्षणीय फरक पडला नाही. आणि नुसती निरीक्षणं फसवी असतात. वजन जास्त असेल तर स्तनात चरबी जास्त, म्हणून घनतेची टक्केवारी कमी. वयानंही ती कमी होते. स्टॅटिन घेणाऱ्या स्त्रिया बहुतेकदा वयानं आणि वजनानंही जास्त असतात. त्यांची घनता कमी दिसली तर ते श्रेय गोळीचं, वजनाचं की वयाचं? हे वेगळं काढल्याशिवाय आपण काहीच म्हणू शकत नाही.

१९९६ मधली घाई आणि नंतरची आशा, दोन्हींत आपल्याला एकच गोष्ट दिसते : खुणेला उत्तर समजण्याचा मोह. याची किंमत खरी असते. एखादी बाई कर्करोगाच्या धास्तीनं हृदयाची गोळी परस्पर बंद करते, दुसरी घनता उतरावी म्हणून तीच गोळी मागते. आज हाती असलेल्या पुराव्यावर दोघींनाही तसं करायला आधार नाही. रिपोर्टवर 'घनता जास्त' असं लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे : मॅमोग्रामसोबत सोनोग्राफी करावी का? त्याचं उत्तर प्रत्येकीचं वय आणि घरातला कर्करोगाचा इतिहास बघून ठरतं.