जलपर्णीची टोपली : एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

तळ्यावर पसरलेली जलपर्णी पाहिली की मुले हमखास विचारतात, ‘हिचा काही उपयोग होणार नाही का?’ हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी बंगालमध्ये आली आणि तेथील जलमार्ग व भातशेती तिने व्यापली. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे पोटॅश येणे बंद झाले. तेव्हा, १९१७ साली, फिनलो आणि मॅक्लीन यांनी जलपर्णीतील पोटॅशचा अभ्यास करून तिचा खतासाठी विचार मांडला. १९२१ साली जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदाच करावा लागला. उपयोग सापडला, तरी जलपर्णी हटली नाही.

अलीकडे थायलंड, फिलिपाइन्स आणि आपल्याकडे आसामात तिच्या देठांपासून टोपल्या, पिशव्या, चटया विणतात. हवेच्या पोकळ्यांमुळे देठ तरंगतो. वाळल्यावर तो चपटा व लवचीक होतो आणि त्याची वेणी घालता येते.

मात्र ताज्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो सुका माल मिळवण्यासाठी वीस किलो ओला माल उपसावा लागतो. त्यातही कामाचे फक्त लांब देठ. पाने आणि मुळे उरतातच. अनुकूल पाण्यात ही वनस्पती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. शिवाय लांब देठ मिळतात ते सांडपाण्याने पोसलेल्या, दाटीच्या पाण्यात. म्हणजे तळे स्वच्छ झाले की कारागिराचा कच्चा माल संपतो.

अंबा नदीकाठच्या पालीसारख्या गावातील शिक्षकांना हा हिशेब वर्गात करून पाहता येईल. जवळपास जलपर्णी असल्यास एक किलो देठ तोडून आणावेत, उन्हात वाळवावेत आणि रोज वजन करून आलेख काढावा. हा प्रयोग उन्हाळ्यातच करावा. कोकणातील पावसाच्या दमट हवेत देठांना बुरशी धरते. अख्खे रोप मात्र दुसऱ्या पाण्यात जाऊ देऊ नये. एका रोपापासून नवे तळे भरू शकते.

टोपली जरूर विणावी. त्यातून कोणाला रोजगार मिळाला तर उत्तमच. पण आमच्या मते मुलांना पुढचा प्रश्नही पडला पाहिजे : तळ्यात सांडपाणी येते कोठून?