प्रयोगवही

प्रयोगवही : विज्ञानाच्या अभ्यासात प्रयोगाचा हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान यांची ठरीव क्रमाने नोंद ठेवण्याची वही. विद्यार्थी तिला ‘जर्नल’ म्हणतात. रेघी पानावर शाईने मजकूर आणि समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती ही तिची रूढ मांडणी असून, शिक्षकाच्या सह्या व अखेरचा दाखला यांवाचून प्रात्यक्षिक परीक्षेस बसण्याची परवानगी सहसा मिळत नाही.

१९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सांगलीस सुरू झाले. सातारा व सांगली या भागांत उच्च शिक्षणाबरोबर ही वहीदेखील पुढे खेडोपाडीच्या घरांत पोहोचली.

तिचे खरे मर्म निरीक्षण आणि अनुमान यांच्या रकान्यांमधील रेघेत आहे. सांगलीच्या पेठेतील हळदीने रंगविलेला कागद धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडविला असता तांबूस होतो, हे निरीक्षण. ते पाणी आम्लारिधर्मी आहे, हे अनुमान. डोळ्यांनी पाहिलेले व बुद्धीने ठरविलेले वेगळे ठेवण्याची ही शिस्त क्षारांच्या रासायनिक परीक्षणात विशेष उपयोगी पडते, कारण अनुमान चुकले तरी निरीक्षण शाबूत असल्यास विद्यार्थ्यास मागे जाऊन चूक शोधता येते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आणलेल्या टिपणपद्धतीतही व्याख्यानाचा मजकूर, समासातील सूचक प्रश्न आणि तळाचा सारांश यांना स्वतंत्र जागा दिलेली असते.

कच्ची वही व पक्की वही यांचे नाते मात्र कीर्द आणि खतावणी यांच्यासारखे असावयास हवे : पक्की नोंद कितीही सुबक असली, तरी अस्सल दप्तर कच्चेच. दुसऱ्याच्या वहीवरून वाचने उतरवून घेण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याने या साधनाचा प्राणच जातो. सुवाच्य अक्षरापेक्षा प्रयोगाच्या वेळी लिहिलेल्या खोडाखोडीच्या पानाला अधिक गुण मिळाले पाहिजेत.

वनस्पतिशास्त्राच्या वहीत स्थळ, दिनांक, अधिवास व फुलांचा रंग यांची भर पडते. साताऱ्यानजीकच्या कास पठारावर टोपली कारवी सुमारे सात वर्षांनी एकदा फुलते. विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन काळात तिचा एखादाच बहर येतो, तोही दैवयोगाने. म्हणून अशा वह्या वर्षअखेर रद्दीत न घालता विभागाच्या दप्तरी जपल्यास, एका पिढीच्या नोंदी पुढील पिढीच्या नोंदींशी ताडून पाहता येतील.