येण्याचे प्रयोजन

२ डिसेंबर १९८९, शनिवार. मूर्तिजापूरहून निघालेली शकुंतला एक्स्प्रेस तुम्हाला अचलपुरात उतरवते तेव्हा कॉलरवर कोळशाची काजळी बसलेली असते. ७६ किलोमीटरला चारेक तास लागले, पण तक्रार करणार कोणाकडे? इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरात घडलेलं, आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत ते असंच धापा टाकत धावणार आहे. पुढे परतवाड्याहून लाल एसटी. घाटात खिडक्यांच्या काचा खडखडतात, सागाचं रान खाली खाली जातं, आणि अकराशे मीटरांची उंची गाठेपर्यंत तुम्ही पिशवीत स्वेटर शोधू लागता.

चिखलदऱ्याच्या सरकारी पर्यटक निवासात तुमची वाट कोणी पाहत नसतं. टेबलावर जाडजूड रजिस्टर, त्याला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन. पैसे तुम्ही पंधरा दिवसांमागे मनीऑर्डरनं पाठवलेत. पावती कारकून उजेडाकडे धरून वाचतो. मग रकाने भरायचे. नाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे प्रयोजन. या शेवटच्यापाशी तुमचं पेन थबकतं.

"कायचा इचार करता जी? सहल लिहा. सारेच सहल लिहितात."

खाजगी लॉजवर तुम्ही गिऱ्हाईक असता, इथे अर्जदार. खोली मिळत नाही, मंजूर होते. लोखंडी पलंग, चादरीच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का, ब्लँकेटला डांबरगोळ्यांचा वास. दाराच्या मागे वस्तूंची टंकलिखित यादी: पलंग २, खुर्ची २, बादली १, तांब्या १. कारकून एकेक दाखवतो, तुम्ही सही करता. तो गेल्यावर खिडकी उघडता, तर थेट दरी. ती यादीत नाही.

अशी मोक्याची जागा सरकारच्या वाट्याला आली कशी? १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन या डोंगरावर चढला आणि इथल्या हवेवर भाळला. मागोमाग साहेबांचे बंगले उठले, कॉफीची लागवड झाली. डोंगराच्या उत्तम कडा त्यांनी आधीच निवडून ठेवल्या होत्या. साहेब गेले; खानसामा, रजिस्टर आणि दरीकडे तोंड केलेला व्हरांडा सरकारजमा झाला. नफ्याचा विचार करणाऱ्यानं या व्हरांड्याच्या केव्हाच चार खोल्या काढल्या असत्या.

"जेवाचं आताच सांगा जी, मंग भाजी नाही भेटत," खानसामा दुपारीच बजावतो. रात्री वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, आणि न सांगता आलेली वाटीभर रबडी, गवळ्यांच्या घरची. दिवे जातात. कोणी हळहळत नाही, कंदील येतो. बाहेरच्या काळोखात मेळघाट पसरलाय, १९७३-७४ पासूनचं वाघांचं राखीव रान. तुम्ही कान देऊन बसता. ऐकू येते ती फक्त बंबात फुटणाऱ्या लाकडाची तडतड.

रविवारी सकाळी नऊ वाजता चहा येत नाही. सव्वानऊलाही नाही. शोधत जेवणाच्या खोलीत जाता, तर कपाटावरच्या टीव्हीसमोर अख्खं पर्यटक निवास जमलेलं: खानसामा, कारकून, झाडूवाली बाई, मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर. बाहेर एक कोरकू पोरगा अँटेनाचा दांडा धरून उभा. महाभारत चालू आहे. पडद्यावर मुंग्यांच्या वारुळासारखी खरखर, तिच्यात मुकुट तेवढे ओळखू येतात.

"कीचकाले भीमानं इथंच मारलं, माईत हाय का?" पडद्यावरची नजर न काढता खानसामा म्हणतो. "दरीत फेकलं अन् कुंडावर हात धुतले. कीचकदरा म्हनूनच तं चिखलदरा."

यावर चहा मागण्याची तुमची छाती होत नाही. तुम्हीही खुर्ची ओढता.

चहा दहा वाजता येतो, आल्याचा, दोन कप. मग तुम्ही गाविलगडाकडे चालू लागता. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. त्यासाठी त्याच्या साथीच्या स्टीव्हन्सननं अवजड तोफा याच डोंगरांतून ओढत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या होत्या. दोन दिवसांत नागपूरच्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. शार्दूल दरवाजावरचे गंडभेरुंड आजही हत्ती पकडून बसलेत. तटावर तुमच्याशिवाय फक्त शेळ्या. दुपार कशी सरते कळत नाही.

सोमवारी निघताना कारकून यादी घेऊन खोलीत येतो. पलंग दोन, खुर्ची दोन. बादली उचलून बूड बघतो. तांब्या व्हरांड्यात सापडतो. मग त्याचं लक्ष खिडकीकडे जातं आणि तो ती घाईनं ओढून कडी लावतो.

"उघडी नका ठेवत जाऊ जी, वांदरं घुसतात," तो म्हणतो, आणि सहीसाठी कागद पुढे करतो.