माप तेच, दारू वेगळी

परवा गावात एकाने विचारलं, "काडतुसातली दारू काढून ठासणीत भरली तर चालेल का? धूर तरी कमी होईल." मी म्हटलं, नाही. चिमूटभरसुद्धा नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून लोक ऐकत नाहीत, म्हणून ही पोस्ट.

आपल्या कोकणात ठासणीची बंदूक संग्रहालयात गेलेली नाही. रानडुकरांपासून शेत राखायला ती अजून परवान्यावर घराघरांत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १३ मध्ये, पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. धूर भरपूर, नळी घाण. पण कोंडली तरी तिचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. म्हणून शेकडो वर्षं लोकांनी ती मापाने ओतून भरली.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने रायफलीसाठी बिनधुराची दारू केली. हिचा स्वभाव उलटा. कोंडली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की ती आणखी जोरात जळते. त्या काळात इंग्लंड-अमेरिकेत शिकाऱ्यांसाठी बिनधुराची दारू दोन प्रकारची मिळायची. एक हलकी, काळ्या दारूच्याच मापाने भरता येईल अशी मुद्दाम बनवलेली. दुसरी घट्ट, वजन करूनच भरायची. लोकांनी घट्ट दारू जुन्याच मापाने ओतली आणि नळ्या फुटल्या. हात सराईत होते, माप नेहमीचं होतं. दारू तेवढी बदलली होती.

पेटवण्याचंही तसंच. जामगी गेली, गारगोटी गेली, फोर्सिथच्या १८०७ च्या पेटंटनंतर पुढे केप आली. काळ्या दारूला ठिणगी पुरते, बिनधुरीला जास्त कडक जाळ लागतो. साध्या केपने ती कधी पेटतच नाही, कधी उशिरा पेटते. बार फुकट गेला म्हणून माणूस बंदूक खाली घेतो आणि तेवढ्यात ती उडते. पेटली तर दाब केपेच्या छिद्रातून मागे, तोंडाकडे येऊ शकतो.

अमेरिकेत २००० च्या सुमारास सॅव्हेज कंपनीने बिनधुऱ्या दारूची ठासणीची रायफल काढली. पण त्यासाठी आजच्या रायफलीसारखी मजबूत पोलादी नळी, मागून बंद होणारा बोल्ट आणि काडतुसाचा प्रायमर वापरला. कोणती दारू, किती वजनाने, हेही कंपनीनेच ठरवून दिलं. म्हणजे दारूसाठी अख्खी बंदूक नव्याने घडवली. आपण जुन्या बंदुकीत नवी दारू घालायला निघालोय.

नळी आतून झिजली, गंजली, तर बाहेरून कळत नाही. हे ओळखून ब्रिटनच्या संसदेने १८१३ मध्ये कायदा करून बर्मिंगहॅमला प्रूफ हाऊस उभारलं. नेहमीपेक्षा जास्त बार भरून नळी तपासायची, टिकली तरच शिक्का. पुढे बिनधुऱ्या दारूसाठी चाचणीही वेगळी आणि शिक्काही वेगळा झाला.

आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. माझी मागणी एवढीच: बंदुका एका जागी आल्याच आहेत, तर नंबर आणि कागदासोबत जाणकाराकडून नळी आणि केपेची जागाही तपासून द्या. शेत राखायला गेलेला माणूस हात-डोळे शाबूत घेऊन घरी यायला हवा.

ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक आहे त्यांना हे नक्की वाचून दाखवा.