एका उलट्या नोंदीचा इतिहास

दप्तरात एकदा झालेली नोंद किती चिवट असते, हे आम्हां बदलीच्या नोकरीतल्या मंडळींना निराळे सांगावयास नको. मूळ वस्तू कपाटात पडून राहते आणि कारभार नोंदीवर चालतो. शास्त्राच्या दप्तरातील अशाच एका नोंदीची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ही नोंद आहे पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्रात वावरून गेलेल्या, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या एका प्राण्याची.

१९०९ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस चार्ल्स वॉलकॉट यांना कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, फील्ड गावानजीकच्या पर्वतात, बर्जेस शेल नावाने पुढे प्रसिद्धी पावलेला खडक सापडला. सामान्यतः मागे उरतात ते शिंपले आणि हाडे. येथे मात्र मऊ शरीरेदेखील चपटी होऊन काळसर पाटीवर उमटली होती. वॉलकॉट यांनी उन्हाळ्यांत खणून पासष्ट हजारांवर नमुने जमविले. परंतु संस्थेच्या कामातून सवड काढून त्यांचा अभ्यास करावयाचा, म्हणजे घाई आलीच. १९११ साली त्यांनी यांतील कित्येक प्राणी वलयी कृमींच्या, म्हणजे गांडुळाच्या वर्गात घातले. त्यांत एक होता आयशेया आणि दुसरा, पाठीवर काटे असलेला, कॅनाडिया स्पार्सा.

आयशेयाचे खरे नाते लवकरच इतरांच्या ध्यानात आले. तो पेरिपेटससारखा दिसे. पेरिपेटस म्हणजे ओलसर रानात, दगडाखाली व कुजक्या ओंडक्यांत राहणारा मखमली अंगाचा किडा. आखूड, फुगीर पायांच्या जोड्या, पायांच्या टोकाला नख्या, आणि भक्ष्यावर चिकट द्रवाची पिचकारी मारण्याची विलक्षण रीत. १८२६ साली लॅन्सडाउन गिल्डिंग यांनी सेंट व्हिन्सेंट बेटावरून त्याचे प्रथम वर्णन केले, तेव्हा त्यालाही गोगलगायींच्या वर्गात बसविले होते! नावाचा ग्रीक अर्थ फिरणे, भटकणे असा आहे. आमच्या वाचकांना तो आपलाच वाटावा.

दुसऱ्या प्राण्याचे कपाळ मात्र खडतर. त्याची नोंद सहासष्ट वर्षे तशीच राहिली. १९७७ साली केंब्रिजचे सायमन कॉन्वे मॉरिस यांनी तो पुन्हा तपासला आणि हा वलयी कृमी नव्हे, असे योग्यच ठरविले. त्याच्या स्वप्नवत् विचित्र रूपावरून त्यांनी त्याला हॅलुसिजेनिया हे नाव दिले. त्यांच्यापुढील पाटीवर ताठ काट्यांच्या सात जोड्या होत्या आणि उलट बाजूस मऊ शुंडांची एकच रांग दिसत होती. पाय जोडीने असावयाचे. तेव्हा काटे हेच पाय आणि शुंडा पाठीवरच्या, असा निष्कर्ष निघाला. हे अनुमान हास्यास्पद ठरविण्याची पुढे चाल पडली, ती आम्हांस पटत नाही. समोरच्या पुराव्यावरून दुसरे काय म्हणता आले असते?

पण त्या चित्रावर पुष्कळ काही उभे राहिले. १९८९ साली स्टीफन जे गुल्ड यांच्या 'वंडरफुल लाइफ' या ग्रंथाने बर्जेस शेल घरोघरी पोहोचविला. त्यांचे म्हणणे असे की, त्या आदिकाळी जीवसृष्टीत कितीतरी निराळे नमुने होते, त्यांतील बहुतेक निर्वंश झाले, आणि कोण तरले हा बराचसा योगायोग होता. आजच्या कोणत्याच वर्गात न बसणारा हॅलुसिजेनिया या मताचा जणू साक्षीदार झाला. म्हणून पुढे जे घडले ते एका किड्यापुरते राहिले नाही.

चीनच्या युन्नान प्रांतात चेंगजियांग येथे १९८४ साली हौ श्यानग्वांग यांना बर्जेसहूनही जुन्या काळाचे मऊ प्राणी सापडले. त्यांतील मायक्रोडिक्टिऑनचे सुटे जाळीदार तुकडे पूर्वी ठाऊक होते, पण ते कोणाचे याचा पत्ता नव्हता. आता सबंध देह मिळाला, आणि ते तुकडे पायांच्या वर, पाठीवर जोडीजोडीने बसलेले दिसले. या धाग्यावरून १९९१ साली लार्स राम्स्कल्ड आणि हौ यांनी हॅलुसिजेनिया उलटा केला: काटे पाठीवर, संरक्षणासाठी, शुंडा खाली, त्याच पाय. मग पायांची दुसरी रांग कुठे? १९९२ साली राम्स्कल्ड यांनी बर्जेसचाच नमुना कोरून ती दगडाच्या थराखालून बाहेर काढली. पुरावा इतकी वर्षे कपाटातच होता.

शेंडा-बुडखा ठरला, तरी कुळ पक्के व्हावयाचे होते. ते नख्यांनी केले. २०१४ साली मार्टिन स्मिथ आणि हाविएर ओर्तेगा-हर्नांडेझ यांनी दाखविले की, हॅलुसिजेनियाची नखी एकात एक बसणाऱ्या डब्यांसारख्या थरांची आहे. आणि अशीच घडण आजच्या पेरिपेटसच्या नख्यांत व जबड्यांत आढळते. साक्षीदार निर्वंश नव्हता. त्याचे दूरचे भाऊबंद जिवंत होते. गुल्ड यांचा मूळ प्रश्न याने निकालात निघाला असे नाही, परंतु ही साक्ष त्यांच्या बाजूने उरली नाही. २०१५ साली स्मिथ आणि जाँ-बर्नार्ड कॅरन यांनी आणखी एक चूक काढली. ज्या डागाला डोके समजत होते, तो शरीरातून बाहेर पडलेला द्रव होता. डोके दुसऱ्या टोकास निघाले. तेथे दोन डोळे होते, मुखाभोवती दातांसारखे कडे, आणि घशातही दात.

या भाऊबंदांपैकी एक आपल्या देशात आहे. १९११ साली सियांग खोऱ्यात नोएल विल्यमसन हा ब्रिटिश अधिकारी मारला गेला, आणि सरकारने तिकडे फौज धाडली. आज ज्यांना आपण आदी म्हणतो, त्यांना त्या वेळचे कागद अबोर म्हणत. या मोहिमेबरोबर कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे स्टॅन्ली केम्प गेले होते. त्यांना दगडांखाली हा किडा मिळाला. १९१३ साली त्याची नोंद टायफ्लोपेरिपेटस विल्यमसनाय अशी झाली. पुढे शंभराहून अधिक वर्षे तो कोणाच्या हाती लागला नाही. अलीकडे बंगळूरच्या अशोका ट्रस्टच्या संशोधकांना त्याच खोऱ्यात तो पुन्हा जिवंत सापडला आहे. बाहेरून पाहता त्याला डोळे दिसत नाहीत; केम्प यांनी नावातच तसे लिहून ठेवले आहे.