काळ्या दगडातील जन्मनोंद

पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी भाषकांचा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या परिसरात सागरी जीवांच्या जन्माची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर येथील दगडांत आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचत असताना मधल्या विश्रांतीच्या काळात तळ्यांत गाळ जमला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या गाळातील शंख गोळा केले. नागपूर भागातील शंख त्यांना गोड्या पाण्यातले वाटले. राजमहेंद्रीकडील शंख मात्र खाऱ्या पाण्याशी नाते सांगत होते.

या दोन प्रकारांत जन्माचाही भेद असतो. फायसासारख्या गोड्या पाण्यातील गोगलगायीची अंडी चिकट आवरणात असतात व त्यांतून थेट लहानशी गोगलगाय बाहेर पडते. समुद्रातील अनेक गोगलगायींची पिले मात्र आधी पोहणाऱ्या अळीच्या रूपात लाटांबरोबर दूर जातात आणि मग तळाशी स्थिरावतात. शंखाचे टोक हा त्या बालपणाचा अवशेष होय. ते शाबूत असल्यास पिलू तरंगत आले की तेथेच वाढले, याचा अंदाज बांधता येतो.

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथे बिरबल साहनी व के. पी. रोडे यांनी १९३७ मध्ये वनस्पतींचे जीवाश्म वर्णिले. तेथे सापडलेली निपा ताडाची फळे खाडीकाठाची आठवण देतात. पुढे २००९ मध्ये गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आदींनी झिलमिली येथील थरातून तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांची कवचे नोंदवली. हे जीव एकपेशीय, म्हणून काटेकोर अर्थाने प्राणी नव्हेत; पण ते समुद्राचेच रहिवासी. जननपेशी पाण्यात सोडल्या की जनक संपतो आणि त्याचे रिकामे कवच तळाशी जाते. त्यावरून समुद्राचा एखादा फाटा काही काळ येथवर आला असावा, असे या संशोधकांनी मांडले.

असे थर गिट्टीसाठी फोडले जातात, विहिरींच्या खोदकामात निघून जातात. मोठा, देखणा शंख कोणीतरी उचलून ठेवतो. मोहरीएवढा शंख आणि मोठ्याचे मोडलेले टोक मातीत जाते. समुद्राचा पुरावा नेमका त्या क्षुल्लक तुकड्यात असू शकतो. म्हणून दगड फोडण्याआधी गाळाच्या थराची जागा लिहून ठेवावी आणि थोडी माती जवळच्या महाविद्यालयाकडे द्यावी, एवढे तरी आपण करू शकतो.